इठामायचं कोणतं गाणं ठेवायचं

आर्या, निनाद,

तुमच्या आबांचं तेरावं झालं. आलेले पाहुणे आपापल्या गावी गेले आणि घर पुन्हा जागच्या जागी लागलं. काल फोनवर निनादने विचारलं की तिकडे तुमच्याकडे आबांच्या आठवणीसाठी लोक जमणार आहेत, त्यांना आबांनी रेकॉर्ड केलेलं एक गाणं ऐकवायचं आहे. पण इठामायचं कानबाई देवीचं एकच गाणं ढोलकीशिवाय दोनदा रेकॉर्ड केलेलं आहे. एकात मागे सतत घरघर आहे, दुसऱ्यात काहीच नाही. "स्वच्छवालंच लावतो ना, आजी? पुढेही तेच ठेवू, दुसरं काढून टाकू." मी म्हटलं, थांब, उद्या सांगते.

उद्यावर ढकलण्याची मला सवय नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण याच दोन गाण्यांवरून तुमच्या आबांचा आणि माझा वाद चालू होता आणि तो मिटायच्या आत ते गेले. त्यांच्या माघारी निकाल देणं मला बरं वाटेना. म्हणून इथून पुढे मी त्यांच्याशी बोलणार आहे. तुम्ही जवळ बसून ऐका, मध्ये बोलू नका. आबांना एका वेळी एकाचंच नीट ऐकू यायचं.

अहो,

आज तुमच्या खोलीत बसले आहे. स्पीकरवरची धूळ पुसली, पण एकही बटण हलवलेलं नाही. तुमची खुर्ची जिथे होती तिथेच आहे. तिच्या चार पायांभोवती तुम्ही खडूने खुणा केल्या होत्या. फरशी पुसणाऱ्या मंगलला मी रोज सांगायची की तेवढ्या सोडून पूस. आता सांगायची गरज उरलेली नाही. ती आपणच तिथून फडकं वळवून घेते.

निवृत्त झाल्यावर माणसं यात्रेला जातात. तुम्ही बमरोलीच्या खात्यातून यंत्रं बघणारे मास्टर म्हणून निवृत्त झालात आणि गाणी रेकॉर्ड करायला घरी दोन काळे स्पीकर घेऊन आलात. लूम्सच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला इथे खातं म्हणतात, हे पोरांना माहीत आहे. पण खात्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला घरात आणखी आवाज कशाला हवा, हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं. तुम्ही सांगितलंत की हे साधे स्पीकर नव्हेत, स्टुडिओचे आहेत. बाकीचे स्पीकर ऐकणाऱ्याला खूश करायला गोड बोलतात, हे जे आहे ते तोंडावर सांगतात. मी म्हटलं, घरात असं एक माणूस आधीपासून आहे. तुम्ही म्हणालात, "म्हणून तर सवय आहे, टीचरबेन."

शाळेतल्या नोकरीमुळे गल्ली मला टीचरबेन म्हणायची आणि तुम्ही चिडवायला तेच उचललंत. अकोल्याहून लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं की सुरतेत माझ्या इंग्रजीचा उपयोग होईल. उपयोग झाला तो असा की तुमच्या यंत्रांची माहितीपुस्तकं मोठ्याने वाचून दाखवायची आणि वर त्यांचा मराठीत अर्थ सांगायचा. मोठ्याने आणि तुमच्याकडे तोंड करून.

त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. लूम्सनी तुमच्या कानांतले वरचे आवाज नेले होते. कुकरची शिट्टी, फोनची घंटा, नातवंडांचं बारीक बोलणं तुमच्यापर्यंत पोचत नसे. ढोल, ट्रकचं इंजिन, माझं रागावणं मात्र व्यवस्थित पोचायचं. मी तुमच्यासमोर येऊन बोलायला लागले आणि तुम्ही माझ्या ओठांकडे बघायला लागलात. कधी सुरू झालं ते आठवत नाही. कान तपासून घ्या असं मी एकदाही म्हटलं नाही, तुम्हीही म्हटलं नाहीत. गाण्याच्या कामाला बसलो की तुम्ही फक्त एवढंच म्हणायचात, "खालचं मी बघतो, वरचं तू सांग." मग बांगड्यांचा, टाळांचा, स-श-चा आवाज टोचतो की नाही ते मी सांगायची आणि तुम्ही माझ्या शब्दावर बटण फिरवायचात. इतर कुठल्या कामात तुम्ही माझं इतक्या मुकाट्याने ऐकल्याचं मला आठवत नाही.

मग पोरांच्या बाबाने तिकडून सबवूफर पाठवला. दोन स्पीकरांना जे अगदी खालचे, पोटात जाणवणारे आवाज काढता येत नाहीत, ते काढणारी ती जड पेटी. कुठे ठेवायची यावरून आपला पहिला वाद झाला. मला ती कोपऱ्यात हवी होती, कारण झाडू मारायला सोपं. कोपऱ्यात ठेवली तर ढोलकी गुरगुरायला लागली. तेव्हा माहितीपुस्तकात मी वाचलं की पेटी आपल्या बसायच्या जागी ठेवावी, तिच्यातून खालचे सूर वाजवावेत आणि आपण भिंतीकडेने जमिनीलगत फिरून कुठे ते सगळे सारखे ऐकू येतात ते पाहावं. जिथे येतात, तीच पेटीची जागा. म्हणजे पेटी बसली खुर्चीत आणि तुम्ही गुडघ्यांवर रांगताय. अर्ध्या वाटेत तुमचा गुडघा धरला. उरलेली भिंत मी रांगले, पदर खोचून. त्याच वेळी शेजारची कोकिळाबेन दारात वाटी घेऊन आली, मला तसं पाहिलं आणि काही न मागता परत गेली. तुम्ही हसून हसून खुर्चीला टेकलात. मी मात्र जागा शोधूनच उठले. डाव्या स्पीकरच्या आतल्या बाजूला, भिंतीपासून जरा सुटी. झाडू जात नाही, पण सूर सारखे येतात.

पुढचं काम तुम्ही मन लावून केलंत. दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं यांत सारखं अंतर, स्पीकरचं तोंड कानांच्या उंचीला. कोणत्या सुराच्या खाली पेटीने काम घ्यायचं ते ठरवलं. पेटीच्या मागे एक लहान खटका होता. तो एका बाजूला असला की ढोलकी पातळ व्हायची, दुसऱ्या बाजूला टाकला की भरून यायची. असं का, असं मी विचारलं, तर तुम्ही तुमच्या आईच्या जात्याचं उदाहरण दिलंत. दोन बाया एका जात्यावर बसल्या आणि दोघी खुंटा आपापल्याकडेच ओढायला लागल्या, तर जातं जागेवर राहतं. पेटी आणि स्पीकर एकमेकांविरुद्ध ओढत होते. खटका टाकला, जातं फिरलं.

शेवटी राहिला पेटीचा आवाज. तो मोबाइलवरच्या मीटरने मोजायचा. आधी स्पीकरमधून, मग पेटीतून, रेडिओचं स्टेशन हुकल्यावर येते तशी खरखर लावायची आणि दोन्हींचे आकडे जुळवायचे. सगळं बंद होतं, तरी मीटर बराच वरचा आकडा दाखवत होता. तुम्ही मोबाइल झटकून पाहिलात. "खोटा आहे हा, काही नसताना बोलतो." मला तुमचं पटलं. खोली शांत होती. दार बंद, पंखा बंद, मंगल घरी गेलेली. आपण दोघांनी कान देऊन ऐकलं आणि आपल्याला काही ऐकू आलं नाही. मग तुम्ही आकडे जुळवलेत आणि खडूच्या खुणा केल्यात.

त्या श्रावणात इठामायचं गाणं झालं. पोरांनो, इठामाय म्हणजे आपल्या मागच्या चाळीत राहणारी, पारोळ्याकडची. तिची दोन्ही मुलं लूम्सवर. आपल्या या गोडादऱ्याच्या वस्तीत कानबाई बसते तेव्हा रोटांच्या, म्हणजे नैवेद्याच्या, दिवशी आणि दुसऱ्या दिवशी विसर्जनाला तीच गायची, बाकीच्या मागे धरायच्या. बाकीच्या सुना आता गुजराती गरबे जास्त सुरात म्हणतात. इठामायने आबांच्या खोलीत पहिल्यांदा माइकसमोर गायलं तेव्हा डोक्यावरचा पदर दोनदा नीट केला, जणू समोर कोणी मोठं माणूस आहे.

अहो, विसर्जनाचा तो दिवस तुम्हाला विसरता आला नाही, मलाही येत नाही. मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर गाणं लागलं आणि ढोलकीने गल्ली हलली. पोरं नाचायला लागली. कोणीतरी ओरडून म्हणालं, "काका, जोरदार बेस छे." तुम्ही हसत मान हलवलीत. तुम्हाला अजून कळलं नव्हतं. इठामाय कानबाईचा नारळ घेऊन निघालेल्या बायांच्या पुढे उभी होती. ती थांबून ऐकत राहिली, आणि गाणं संपल्यावर तुमच्याजवळ येऊन, रागावून नव्हे, विचारावं तसं तिने विचारलं, "भाऊ, मना आवाज कथा गया?" माझा आवाज कुठे गेला, असं.

त्यानंतर ती आपल्या दारावरून जायची बंद झाली. चाळीच्या दुसऱ्या अंगाने जायची. मंगलने खबर आणली की ती म्हणते, आता गाणार नाही, गावाला जाणार आणि तिकडेच राहणार. तुम्ही जेवताना मध्येच हात थांबवायला लागलात. तुम्ही मंडपवाल्याला दोष दिलात, ढोलकीवाल्याला दिलात. निनादने तिकडून सांगितलं की आबा, ढोलकी फार वर आहे. तुम्ही म्हणालात, पोराचे स्पीकर हलके आहेत. रिक्षात ऐकलं, धाकट्या लेकीच्या गाडीत ऐकलं, सगळीकडे तेच. आणि घरी येऊन खुर्चीत बसलात की तुमच्या स्पीकरवर सगळं मापात. मीही शेजारी बसून ऐकायची, मलाही मापात वाटायचं. एकदा तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "कान गेले असतील माझे." इतक्या वर्षांत तुम्ही तो विषय काढलात तो तेवढा एकदाच. मी म्हटलं, माझे तर आहेत ना, मला का कळत नाही मग? आपण दोघं त्या काळ्या पेट्यांकडे बघत बसलो.

मग दिवाळी आली. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, प्रवासाला बंदी, म्हणून आपण गावी अमळनेरला गेलो नाही. गोडादरा रिकामा झाला. भाऊबीज झाली तरी खाती उघडली नव्हती. तुम्ही दुपारी सवयीने खोलीत गेलात, मीटर उघडलात, आणि मला अशी हाक मारलीत की मी हातातलं पीठ तसंच ठेवून आले. सगळं बंद असताना मीटरचा आकडा पार खाली गेला होता. तुम्ही म्हणालात, मोबाइल सुधारला. मग भिंतीला हात लावलात. तळवा सपाट ठेवून बराच वेळ उभे राहिलात, ताप बघावा तसे. त्या भिंतीपलीकडे खातं आहे. भिंत थंड आणि स्तब्ध होती.

"ही हलत असते," तुम्ही म्हणालात.

आपल्याला इतकंच कळायचं होतं. गोडादऱ्यात कोणालाही विचारा, तुमच्याकडे आवाज आहे का, तो म्हणेल नाही. लूम्स हा इथे आवाजच नव्हे. मीटर खरं बोलत होता. आधीच पाणी असलेल्या तपेलीत दूध मोजावं, तसं आपण लूम्सची घरघर पेटीचीच समजून मोजली होती. म्हणून पेटीचा आवाज फार कमी ठेवला गेला. मग तुम्हाला ढोलकी पातळ वाटली आणि तुम्ही ती वर, आणखी वर घेतलीत. लूम्स तिच्यावर पांघरूण घालत होते. जिथे लूम्स नव्हते, तिथे ती उघडी पडली आणि इठामायच्या अंगावर आली.

तुम्ही पुन्हा सगळं मोजलंत. पेटी बरीच वर घ्यावी लागली. मग तेच गाणं लावलंत. या खेपेला मंडपातल्यासारखं ऐकू आलं. इठामाय कुठेच नव्हती. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, मध्ये बंद केलं नाहीत. मला तुमच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण हाताला पीठ होतं.

ढोलकी जागेवर आणायला तुम्हाला दोन दिवस लागले. वरचं मी सांगितलं. मग तुम्ही इठामायकडे गेलात. तिचा धाकटा बंद खात्यावर राखणीला थांबलेला, म्हणून तीही इथेच होती. ती येईना. तुम्ही तिच्या उंबऱ्यावर बसून राहिलात, तेव्हा ती आली, गायला नव्हे, नुसती ऐकायला. तुम्ही तिला तुमच्या खुर्चीत बसवलंत. तिथे तुम्ही मलाही बसू देत नसायचात. गाणं संपलं. मग ती पदराने नाक पुसून म्हणाली, "हां, हाई मी शे." आणि लगेच, तुम्हाला सोडायचं नाही म्हणून, "पन भाऊ, तुम्हना ढोलकीवाला वाहतूक पोलीस शे का? मधमधमा आडावस." तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की मला दार लावावं लागलं.

एवढी शांतता पुन्हा मिळायची नाही म्हणून तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी परत बोलावलंत. तेच गाणं, ढोलकीशिवाय, नुसता आवाज. ते निनादचं स्वच्छवालं. ती सारखी थांबायची. सुरुवात करायची आणि आपल्याकडे बघायची. म्हणाली, "सुनं लागस वं माय." गायली शेवटी, नीट गायली. एका आठवड्याने लूम्स सुरू झाले. ती कोथिंबीर मागायला आली होती, तुम्ही म्हणालात, आक्का, एकदा आणखी. ती उभ्याउभ्याच गायली. मागे भिंत घरघरत होती आणि ती सगळी माइकमध्ये आली.

तिथून आपला वाद सुरू झाला. मी म्हटलं, इतका खटाटोप करून ज्या घरघरीला शोधून काढलं, तीच गाण्यात ठेवायची? मला स्वच्छ गोष्टी आवडतात, यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही म्हणालात, दोन्ही वेगळं आहे. स्पीकर लावताना घरघर मोजायची नाही, गाण्यातून मात्र काढायची नाही. मी म्हटलं, हा वकिली मुद्दा झाला. जेवताना, चहाच्या वेळी, पोरांशी फोनवर, हाच विषय. इठामाय गावाला गेली. तिकडे तिला दम्याने धरलं, आता ती दोन ओळींपुढे जात नाही. म्हणजे आता पुन्हा रेकॉर्ड होणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. तरी आपण ऐकत नव्हतो.

हॉस्पिटलमध्ये तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, काही सांगायचं आहे. तुम्ही म्हणालात, "दोन्ही एकामागे एक ऐक. माझ्या खुर्चीत बसून ऐक." मी म्हटलं, घरी जाऊ तेव्हा ऐकू. त्यावर तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मला तुम्हाला सांगायचं होतं की त्या भिंतीकडेने रांगताना मी जितकी हसले तितकी शाळेत नोकरी करतानाच्या सगळ्या वर्षांत हसले नसेन. सांगायचं होतं की मास्टरशी लग्न झालं म्हणून अकोल्याच्या मैत्रिणींना पत्रात काय लिहावं हे मला एके काळी सुचत नसे, आणि नंतर मी तुमच्याशिवाय दुसरं काही लिहीतच नसे. नर्स आली. औषधाची वेळ झाली होती. मग राहिलं.

आज सकाळी खातं बंद होतं. मी तुमच्या खुर्चीत बसले. स्पीकर तुमच्या कानांच्या उंचीला आहेत म्हणून मांडीखाली उशी घ्यावी लागली. दोन्ही ऐकली, एकामागे एक.

तुम्ही गेलात म्हणून तुमच्या बाजूने बोलते आहे असं समजू नका. तुमच्या पेटीचा आवाज अजूनही एक टीचभर जास्त आहे, हे माझं मत कायम आहे. पण जे कानाला आलं ते सांगते. शांततेतल्या गाण्यात इठामाय दर ओळीच्या शेवटी थांबते आणि पुढे जाऊ का असं विचारते. आपल्याला विचारते, माइकला विचारते, कोणाला ते कळत नाही. दुसऱ्यात ती कोणालाच विचारत नाही. तिच्या श्वासाची जागा लूम्स भरतात आणि ती तिथून पुढची ओळ उचलते. ती घरघर काढली तर तिचे श्वास उघडे पडतील. आयुष्यभर ती त्या आवाजावर गायली होती. तुम्ही हे नुसतं ऐकून ओळखलंत. मला खुर्चीत बसावं लागलं.

निनाद, लूम्सवालं लाव. स्वच्छवालं काढू नकोस, ठेव, पण लोकांना हे ऐकव. आवाज फार मोठा करू नकोस आणि ढोलकी घालायला जाऊ नकोस. कोणी विचारलं की मागे काय वाजतं आहे, तर सांग, आमचा गोडादरा.

आबा गेले. इठामाय आता गात नाही. तिचा आवाज आहे, त्याच्या खाली लूम्स आहेत, आणि दोन्ही स्पष्ट ऐकू येतात.